अलाइनमेंटने वाकलेला लोअर आर्म सरळ होत नाही

दगडावर चाक आपटून गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं की झालं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) असतो. त्यात अलाइनमेंटवाला टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, तेवढा जुळवतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांना सहसा अ‍ॅडजस्टमेंटच नसते. म्हणजे स्टिअरिंग सरळ दिसेल, पण आपटून वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) वाकडाच, आणि टायर एका कडेने झिजत राहणार.

कसारा घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली लावून तसाच टाकून दिलेला दगड (ही एक वेगळीच खोड!) मला लागला होता. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेण्याआधीच दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्डच्या मागच्या कडेमधल्या फटीत बोटं घालून पाहिली. उजवीकडे चार मावली, डावीकडे जेमतेम दोन. आर्म वाकून डावं चाकच मागे सरकलं होतं. वाकलेला आर्म तापवून सरळ करून देणारेही भेटतात. सस्पेन्शनच्या बाबतीत नकोच ते, नवा आर्म घाला. क्लेम करायचा असेल तर गाडी खोलायच्या आत फोटो काढून विमा कंपनीला कळवा. मात्र खर्च छोटा असेल तर आधी नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर मिळणारी सवलत) हिशेब करा, तो 20 ते 50 टक्के असतो आणि सहसा एका क्लेममध्ये जातो.