झोपाळ्यासाठी ओक घ्यायचंय, ग्रेड आणि कट कुठला घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, इथे सुतारकाम करणारं कोणी आहे का? मी मिशिगनमध्ये असतो, बेसमेंटमध्ये हौशी ठोकाठोक चालते, आत्तापर्यंत दोन स्टुलं आणि एक चपलांचं रॅक एवढीच मजल. आता बायकोला झोपाळा हवाय, कोकणातल्या घरी आहे तसा, आणि पितळी कड्या तिकडून आणून पण झाल्यात (बॅग ओव्हरवेट झाली ती वेगळी गोष्ट). सागवानाचा इथला भाव विचारूच नका, म्हणून ओक.

काल लाकडाच्या यार्डात जाऊन पार गोंधळून आलो. फळी हवीय ५ फूट लांब, २० इंच रुंद, एट-क्वार्टर जाडीची (आठ पाव इंच, म्हणजे कच्ची दोन इंच), म्हणजे रंधून पावणेदोन इंच तरी उरेल. हिशोबाने १७ बोर्ड फूट होतात (एक फूट बाय एक फूट, एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट), वाया जाईल ते धरून मी २२ धरलेत. तिथे एफएएस (फर्स्ट्स अँड सेकंड्स, वरची ग्रेड) आणि नंबर वन कॉमन (त्याहून खालची, स्वस्त) असे दोन ढीग होते. मला वाटायचं एफएएस म्हणजे एकदम स्वच्छ, पण तसं नाहीये, फळीच्या खराब बाजूने मोजून ८३ टक्के भाग बिनगाठीचा निघाला की झालं, आणि नंबर वन कॉमनला ६७ टक्के. आता २० इंची एकसंध फळी मिळणार नाहीच, चार-पाच पट्ट्या चिकटवायच्याच आहेत, तर स्वस्तातलं घेऊन गाठी कापून टाकल्या तर?

दुसरा घोळ कटचा. प्लेन-सॉनवर (ओंडका सरळ एकामागोमाग चिरलेला) डोंगरासारख्या रेषा, आणि क्वार्टर-सॉनवर (आधी चार फाका करून मग चिरलेला) गोगलगाय फिरून गेल्यासारखे चकचकीत पट्टे, दिसतात भारी पण भावही तसाच. हिवाळ्यात हीटर लागला की घर इतकं कोरडं होतं की आमचा पोळपाट तडकला, म्हणून धास्ती वाटते.

आणि रेड की व्हाइट? यार्डवाल्याने रेड ओकचा तुकडा पाण्यात धरून वरून फुंकला तर खाली चक्क बुडबुडे! व्हाइटमधून काही नाही.

प्रतिसाद १

झोपाळा घरातच टांगणार ना? मग रेड बिनधास्त घ्या, ती बुडबुड्यांची गंमत (रेडच्या नळ्या उघड्या, म्हणून त्यातून पाणी शिरतं) पिंपं आणि बाहेरच्या बाकांसाठी महत्त्वाची. ग्रेडचे टक्के सोडा, स्वच्छ तुकड्याची लांबी बघा. ४ इंच रुंद आणि २ फूट लांब तुकडे निघाले तरी नंबर वन कॉमन पास होतं, एफएएसला ४ इंचाला निदान ५ फूट सलग लागतं, आणि तुम्हाला नेमकं तेवढंच हवंय. गाठ कापलीत तर पट्टी आखूड होणार, ठेवलीत आणि ती कडीच्या भोकापाशी आली तर बसणारा खाली. पट्ट्या एफएएसच्याच घ्या, टेकायच्या पाठीला वगैरे कॉमन चालेल.

लाकडातला ओलावा ६ वरून १० टक्क्यांवर गेला तर प्लेन-सॉनची २० इंच रुंदी पाव इंचाहून जास्त फुगते, क्वार्टर-सॉन साधारण त्याच्या निम्मी. परवडत नसेल तर प्लेन-सॉन घ्या, फक्त फळीखाली आधाराला लावाल त्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे फळीला हलायला जागा राहील. आणि लोखंडी स्क्रू नकोत, ओकमध्ये टॅनिन असतं, जरा दमट झालं की काळे डाग पडतात.

धागाकर्ता

बापरे, कड्या पितळी आणि नटबोल्ट लोखंडी आणून ठेवलेत! बदलतो. नुसती फळीच २५ किलोच्या आसपास भरतेय, वर आम्ही दोघं, तेव्हा छताच्या तुळईसाठी वेगळा धागा काढतो.