केसपेपरवर नुसते 'मिक्स्ड सीपी' लिहावे का?

धागाकर्ती (आई): माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर तीन वर्षे 'मिक्स्ड सीपी', म्हणजे मिश्र सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारा हालचालींचा विकार), एवढेच लिहिलेले होते. झोपेत त्याचे हात अगदी सैल असतात. पण जागेपणी कोणी हाक मारली, की ओ देण्याच्या धडपडीत उजवा हात मागे पिळवटतो आणि तोंड वासलेलेच राहते. पायांचे वेगळे आहे. घोटा सावकाश वाकवला तर वाकतो, झटकन वाकवला तर मध्येच अडतो. हातांत डिस्टोनिया (हालचाल करू जाताच स्नायू आपोआप पिळवटणे) आणि पायांत स्पास्टिसिटी (झटकन ताणल्यास स्नायू ताठरून अडणे) आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. सीपीच्या व्याख्येवरील 2006 च्या आंतरराष्ट्रीय अहवालानेही, कोणकोणते विकार एकत्र आहेत ते सांगितल्याशिवाय 'मिश्र' म्हणू नये, असे सुचवले आहे. माझ्या मते हा नुसता शेरा बंदच व्हावा.

प्रतिसाद (बाल-फिजिओथेरपिस्ट): ताई, आपली तळमळ समजते, तरी मी सहमत नाही. युरोपातील सीपीच्या मुलांच्या 'एससीपीई' या नोंदणी-जाळ्यात जो विकार प्रबळ, त्याच एका गटात मूल धरतात. तसे केले नाही तर दोन केंद्रांचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. शिवाय दीड-दोन वर्षांच्या बाळाचे चित्र पुढे पालटते, म्हणून तिथेही चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रोगनिदान पक्के धरत नाहीत. घाईने ठाम नाव देण्यापेक्षा 'मिश्र' लिहिणे अधिक प्रामाणिक आहे.

धागाकर्ती: नोंदणीसाठी एक गट हवा, हे मान्य, पण उपचार त्या गटावर ठरू लागले की घोटाळा होतो. मुलाला आधी 'स्पास्टिक' धरून रायझॉटॉमीचा विषय निघाला होता. त्या शस्त्रक्रियेत मणक्यातील संवेदी मज्जातंतूंचे काही धागे कापतात. त्याने स्पास्टिसिटी उतरते, डिस्टोनिया मात्र तसाच राहतो. पुढे एका थेरपिस्टबाईंनी 'हॅट' ही, स्नायूंचा ताठरपणा कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखणारी, सात छोट्या चाचण्यांची तपासणी केली. डाव्या हाताची मूठ उघडझाप करायला लावून त्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या, आणि तो पिळवटू लागला. तेवढे पाहायला कितीसा वेळ लागतो?

प्रतिसाद (बाल-फिजिओथेरपिस्ट): एवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य करतो. पाच वर्षांवरील मुलासाठी मी 'प्रबळ: स्पास्टिक, दोन्ही पाय, सोबत: हातांत डिस्टोनिया' असेच लिहीन. दोन वर्षांखालील बाळाच्या कागदावर मात्र मी आजही 'मिश्र, सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे' असेच लिहितो, आणि ते बदलण्याचे कारण मला दिसत नाही.