मदत हवी आहे: बाबांचा विसराळूपणा की डिमेन्शिया?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. बाबा ७३ वर्षांचे, हिशेबात एकदम पक्के. गेल्या रविवारी मंडईतून निघाले ते थेट सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यापाशी जाऊन उभे. वाडा पाडून कैक वर्षं झाली, तिथे आता इमारत आहे. वॉचमनने फोन केला म्हणून कळलं. पिशवीत मेथीच्या तीन जुड्या, तीन वेगळ्या गाळ्यांवरून घेतलेल्या.

चष्मा कुठे ठेवला हे मीही विसरते, त्याचं काही नाही. पण रमीत कुणाला हार न जाणारा माणूस आता ‘पान उचललं का मी?’ असं विचारतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

फॅमिली डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलंय. त्यातल्या बिघाडानेही असं होतं म्हणे. शिवाय ऐकू कमी येतं, पण मशीन कायम ड्रॉवरमध्ये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. त्यात ऐकू न येणं, बीपी, मधुमेह, एकटेपणा हे सगळं आहे. (माझं बीपी वाढलेलंच असतं, म्हणजे मलाही जागं व्हायला हवं.)

तर विचारायचं असं, की कोथरूड-कर्वेनगर भागात मेमरी क्लिनिकचा कुणाला अनुभव आहे का? आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठावा की मानसोपचारतज्ज्ञ? आणि मुख्य म्हणजे, ‘मला काय वेड लागलंय?’ म्हणणाऱ्या बाबांना तुम्ही कसं नेलंत? आईला अजून वाड्याचं सांगितलेलं नाही.