लॉकहीड, एफ-३५ आणि ‘सगळे विकले गेलेत’ छाप पोस्टी

पश्चिमवारा
फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी मोदींना एफ-३५ हे लढाऊ विमान देऊ केलं, तेव्हाची एक पोस्ट पुन्हा फिरतेय. सार असं: ते बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिननं अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, विकत घेतलीय, लॉबिंग (लोकप्रतिनिधींना गाठून आपली बाजू गळी उतरवणं) म्हणजे कायदेशीर लाच, विषय संपला. खाली टाळ्यांचा पाऊस.

अहो, लाच कोणी अर्ज भरून देतं का? लॉबिंगसाठी १९९५ चा कायदा आहे, २००७ च्या दुरुस्तीनंतर दर तिमाहीला हिशोब द्यावा लागतो. खर्च किती, विधेयक कोणतं, लॉबिस्ट कोण, सगळं. तो खर्च सरकारी कंत्राटाच्या बिलात लावताही येत नाही. लॉकहीडचा आकडा वर्षाला सव्वा कोटी डॉलरच्या आसपास असतो आणि सरकारी कंत्राटं हजारो कोटी डॉलरची. इतक्या स्वस्तात काँग्रेस मिळत असती तर एव्हाना दहा मालक झाले असते.

खरी ताकद सुट्या भागांत आहे. एफ-३५ ची जोडणी टेक्सासात फोर्ट वर्थला, इंजिन कनेक्टिकटचं, बाकीचे पुरवठादार चाळीसहून जास्त राज्यांत पसरलेले. विमान नको म्हणायचं तर सिनेटरला आपल्याच मतदारांचा रोजगार नको म्हणावं लागतं. पाकीट लागतंय कशाला?

आणि एवढं करून कंपनी हरतेही. २००९ मध्ये संरक्षणमंत्री गेट्सनी एफ-२२ या लॉकहीडच्याच लढाऊ विमानाची संख्या १८७ वर थांबवली. जोडणी जॉर्जियात, म्हणून तिथल्या सिनेटर चॅम्ब्लिसनी आणखी सात विमानांसाठी १७५ कोटी डॉलर विधेयकात घुसवले. ओबामांनी नकाराधिकाराची धमकी दिली, सिनेटनं ५८ विरुद्ध ४० मतांनी पैसे काढून टाकले. ‘विकल्या गेलेल्या’ सिनेटनं.

खवचट आजोबा
असहमत. त्या अर्जात ‘सिनेट’ किंवा ‘हाउस’, म्हणजे काँग्रेसचं वरचं की खालचं सभागृह, एवढंच लिहायचं असतं. कोणत्या सिनेटरला भेटलात, ते नाही. परक्या सरकारसाठी लॉबिंग करणाऱ्याला १९३८ च्या कायद्याखाली भेटीगाठींचा तपशील द्यावा लागतो, घरच्या कंपनीला सूट. छान पारदर्शकता.

आणि एफ-२२ चं अर्धंच सांगितलंत. गेट्सनी त्याच घोषणेत एफ-३५ ची खरेदी वाढवली. दोन्ही विमानं लॉकहीडचीच. डाव्या खिशातलं उजव्या खिशात गेलं आणि म्हणे हरले!

मेधा_डॅलस
मी फोर्ट वर्थपासून तासाभरावर राहते. शेजारचे काका त्या कारखान्यातून निवृत्त झाले, मुलगा अजून तिथेच आहे. तो ज्याला मत देतो त्याचा पक्ष बघत नाही, फक्त ‘लाइन चालू ठेवणार का’ एवढंच विचारतो. त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत.

पण माझं दुखणं वेगळंय. एरोस्पेसमध्ये मास्टर्स केलं, आणि शस्त्रनिर्यातीच्या नियमांमुळे ग्रीनकार्डाशिवाय कोणी दारात उभं करेना. आता विम्याचं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या रांगेसाठी का नाही कोणी लॉबिंग करत?

पश्चिमवारा
मेधाताई, ग्रीनकार्डाचा वेगळा धागा काढा, तिथे मीही रडायला येतो.
आजोबा, विदा (आकडेवारी) द्या. खिशांच्या गोष्टी नकोत.

खवचट आजोबा
घ्या विदा. २०२० च्या अर्थसंकल्पासाठी संरक्षण खात्यानं ७८ एफ-३५ मागितली होती. काँग्रेसनं ९८ ची तरतूद केली. सैन्य म्हणतंय ७८ पुरेत, आणि लोकप्रतिनिधी आग्रह करकरून वाढतायत. हे काय आपोआप होतं?

वऱ्हाडी ठेचा
तिकडं चाळीस राज्यांत काम वाटून राहिले, आन् आमच्या नागपूरले काय? इथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टाटा-एअरबसचा हवाई दलाच्या मालवाहू विमानांचा कारखाना येनार म्हनून सप्टेंबर २०२२ मंधी उद्योगमंत्री सांगून गेले. ऑक्टोबर सरता सरता पंतप्रधानानं वडोदऱ्याले भूमिपूजन केलं. बावीस हजार कोटीचा प्रकल्प. याले कोनतं लॉबिंग म्हनता?

सत्यशोधक_पुणे
हवाई दलाच्या ५६ विमानांचा करार सप्टेंबर २०२१ चा. तेव्हा राज्यात सरकार कोणाचं होतं ते आठवा, मग अश्रू ढाळा.

वऱ्हाडी ठेचा
करार २०२१ चा, जागा कवा ठरली? सांगा न. आन् करार झालाच होता तं मंत्री वर्षभरानं येऊन गाजर काऊन दाखवून गेला? पुन्यात बसून अक्कल शिकवाले काय जाते. माह्या भाच्यानं त्याच बातमीवर भरोसा ठेवून एरोनॉटिकलले अ‍ॅडमिशन घेतली. पोट्टा आता बंगलोरले आहे.

ओझरवाला
नागपूरकरांनो, विमानाचा विषय निघालाच आहे तर नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिग झाली, सुखोई-३० झाली. माझे वडील तिथे फिटर होते. कुशल माणसं नाशकात, आणि भांडण मिहान की वडोदरा. आमचं नावही कोणी घेत नाही.

वऱ्हाडी ठेचा
घेतलं नाव. खूश? तुमच्याकडं आहे न कारखाना, मंग आमच्या ताटात काऊन पाहून राहिले?

ओझरवाला
बोईंगचं देखभाल-दुरुस्ती केंद्र मिहानला मिळालं की. एअर इंडियानं ६८ विमानं घेतली त्या सौद्याचा भाग होता तो. तेव्हा विमान खात्याचा मंत्री विदर्भाचाच होता. आम्ही ओरडलो का?

पश्चिमवारा
माझा मुद्दा तुम्ही दोघांनी फुकटात सिद्ध केलात. विमान कसं आहे, हवाई दलाला किती हवीत, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. फक्त कुठे बनतंय ते सांगा. लॉकहीडला नेमकं हेच माहीत आहे.

वऱ्हाडी ठेचा
तुम्हाले नोकरी आहे, तुम्ही करा तत्त्वज्ञान. पोट्टा बाहेर गेला की मायबापाले काय होते ते समजत नाही तं चूप बसा. लॉकहीडवाला निदान चाळीस राज्यांत वाटून खाते.

खवचट आजोबा
धागाकर्त्यांनी ७८ विरुद्ध ९८ ला अजून हात लावलेला नाही, याची सभेनं नोंद घ्यावी.

पश्चिमवारा
बरं बाबा, ती वीस विमानं तुमची. गच्चीवर लावा. पण तीही विकत घेतलेल्या मतांनी नाही, जिल्ह्याजिल्ह्यातल्या मेधाताईंच्या शेजाऱ्यांनी आणलीत.

खवचट आजोबा
आणि त्या शेजाऱ्यांच्या नोकऱ्यांचा आकडा सिनेटरच्या टेबलावर कोण नेऊन ठेवतं? पोस्टमन?

मेधा_डॅलस
काकांना विचारलं. म्हणाले, सिनेटरला पाठवायच्या पत्राचा मसुदा छापूनच यायचा, आपण फक्त सही करायची.

खवचट आजोबा
😀 धन्यवाद. मी जेवायला जातो.

संपादक मंडळ
टाटा-एअरबस, मिहान आणि ओझरवरचे अवांतर प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले जातील.

वऱ्हाडी ठेचा
हलवा. वडोदऱ्याले नका हलवू म्हंजे झालं.