मदत हवी आहे: ४ लॅब, ४१२ विद्यार्थी, मूडलवर सत्रान्त परीक्षा. नियोजन कसं करावं?

कक्ष_क्रमांक_७

नमस्कार मंडळी. आमचं स्वायत्त महाविद्यालय आहे. दुसऱ्या वर्षाचा पर्यावरण अभ्यासाचा सक्तीचा पेपर या सत्रापासून संगणकावर घ्यायचा ठरलं आहे. पेपर २ तासांचा आहे: ४० बहुपर्यायी, ५ एका शब्दात उत्तरं आणि २ लहान वर्णनात्मक. माध्यम मराठी आणि इंग्रजी.

हाताशी असलेलं सामान: ४ लॅब, प्रत्येकी ४० डेस्कटॉप, विंडोज १०. मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षांची प्रणाली) कॉलेजच्याच सर्व्हरवर आहे (उबुंटू, १६ जीबी रॅम, डेटाबेस त्याच मशीनवर). सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षा चालू असताना बाकी सगळं बंद ठेवणारा ब्राउझर) टाकलेला आहे. प्रत्येक लॅबला ५ केव्हीएचा यूपीएस आणि इमारतीला जनरेटर.

३ लॅबमध्ये ९० मुलांची सराव परीक्षा घेतली. तिच्यात तीन गोष्टी बिघडल्या.

१. ‘अटेम्प्ट क्विझ’ दाबल्यावर पान ४-५ मिनिटं फिरत राहिलं. मग मात्र सगळं सुरळीत चाललं.
२. लॅब ३ मध्ये वीज गेली आणि जनरेटर सुरू होण्याआधीच यूपीएस बंद पडला. त्या लॅबमधल्या ७ जणांचे पेपर निकालाच्या यादीत दिसत नाहीत.
३. एका शब्दाच्या प्रश्नात बरोबर उत्तर लिहूनही काहींना शून्य मिळालं. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखेच दिसतात.

पाळ्या किती लावाव्यात, सर्व्हरला काय करावं, आणि परीक्षेच्या मध्ये काही बंद पडलं तर काय नियम ठेवावा? ६ आठवडे हातात आहेत.

सर्व्हरवाला

पहिल्या दुखण्याचं कारण बहुधा एका ओळीत आहे. पीएचपी-एफपीएमचा (सर्व्हरवर मूडल चालवणारा प्रोग्राम) लॉग उघडा आणि ‘सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन सेटिंग (५)’ अशी ओळ शोधा. उबुंटूवर हा आकडा मुळात ५ असतो. म्हणजे एका वेळी पाचच विनंत्या पुढे सरकतात आणि बाकीची ८५ मुलं रांगेत थांबतात.

आकडा असा काढा. गर्दीच्या वेळी ‘टॉप’ कमांडमध्ये एक पीएचपी प्रक्रिया किती मेमरी खाते ते बघा, साधारण ६० ते १०० एमबी दिसेल. १६ जीबीतून ३ जीबी सिस्टिमला, ४ डेटाबेसला आणि १ रेडिसला (मेमरीत माहिती ठेवणारी प्रणाली) सोडा. उरलेल्या ८ जीबीला १०० एमबीने भागलं की ८० येतात. ८० ठेवा. हौसेने २०० करू नका. रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झाला तर सर्व्हर आत्तापेक्षाही वाईट चालेल. डेटाबेसची कनेक्शन मर्यादाही बघून घ्या. पोस्टग्रेसची मुळातली १०० आणि मारियाडीबीची १५१ असते, म्हणजे ८० त्यात बसतात. सेशन (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) फायलींमध्ये ठेवत असाल तर रेडिसवर न्या.

‘मग सुरळीत चाललं’ हे तुम्ही लिहिलंत, त्यातच खरी मेख आहे. परीक्षेच्या मध्यभागी सर्व्हरला फारसं काम नसतं. मूडल दर ६० सेकंदांनी उत्तरं आपोआप साठवतं, म्हणजे १४४ मुलांच्या (चार लॅबमध्ये प्रत्येकी ३६ धरून) सेकंदाला अडीच विनंत्यासुद्धा होत नाहीत. भार येतो तो सुरुवातीला. मुलाने पेपर उघडला की मूडल त्याच्या नावावर प्रत्येक प्रश्नाची एक नोंद आणि तिची पहिली पायरी लिहितं. नुसत्या ४० बहुपर्यायी प्रश्नांच्या १४४ मुलांसाठी ५,७६० नोंदी आणि तितक्याच पायऱ्या होतात, आणि हे सगळं घंटा झाल्यावर दहा सेकंदांत. म्हणून क्विझला पासवर्ड ठेवा आणि तो फळ्यावर लॅबनिहाय लिहा: लॅब १ ला ९:००, लॅब २ ला ९:०२, मग ९:०४ आणि ९:०६. प्रत्येकाचे १२० मिनिटं त्याने पेपर उघडल्यापासून मोजले जातात, त्यामुळे अन्याय होत नाही.

मात्र क्विझची बंद व्हायची वेळ ११:०० ठेवलीत तर लॅब ४ ची ६ मिनिटं कापली जातील. वेळेची मर्यादा आणि बंद व्हायची वेळ यांतली जी आधी येईल तिथे मूडल पेपर थांबवतं. बंदची वेळ ११:३० ठेवा.

चित्रं तपासा. फोनवर काढलेला ४ एमबीचा फोटो प्रश्नात तसाच डकवला असेल तर १४४ मुलांना मिळून ५७६ एमबी जातात. सर्व्हरची जोडणी १०० एमबीपीएसची असेल तर त्या एका फोटोलाच पाऊण मिनिट लागतं. १०० केबीच्या आत आणा.

ती ७ मुलं हरवलेली नाहीत. निकालाच्या पानावर वरच्या गाळणीत ‘इन प्रोग्रेस’, ‘ओव्हरड्यू’ आणि ‘नेव्हर सबमिटेड’ या तिन्हींवर खूण करा, तिथे सापडतील. क्विझच्या सेटिंगमध्ये वेळ संपल्यावर काय करायचं तिथे ‘ओपन अटेम्प्ट्स आर सबमिटेड ऑटोमॅटिकली’ निवडा. मशीन बंद पडलेल्या मुलाचा पेपर आपोआप जमा करायचं काम क्रॉन (सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणारा प्रोग्राम) करतो, मुलाचा ब्राउझर नाही. क्रॉन दर मिनिटाला चालतो का ते बघा. बंद असेल तर सेटिंग बरोबर असूनही पेपर लटकलेला राहतो.

परीक्षेच्या दिवशी कोर्सचा आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवा. सहा आठवडे आहेत तर मूडलच्या डेव्हलपमेंट विभागातून जेमीटरचा (सर्व्हरवर खोटा भार टाकून बघायचं साधन) टेस्ट प्लॅन तयार करून १५० खोटे वापरकर्ते एकदम सोडून बघा. हे चालत्या सर्व्हरवर करू नका, त्याची नक्कल उभी करा.

तारजोडणी

यूपीएसचं गणित करून बघू. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॅट धरले तर ४० मशीनचे ४,८०० वॅट झाले. ५ केव्हीएचा यूपीएस ०.८ पॉवर फॅक्टरने ४,००० वॅट देतो. वीज असताना हे लक्षात येत नाही. ती गेली की सगळा भार बॅटरीवर येतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो. बॅटऱ्या जुन्या असतील तर त्याआधीच. नवा यूपीएस घ्यायला पैसे नसतील तर परीक्षेच्या वेळी लॅबमध्ये ३२ मशीनच चालू ठेवा, ३,८४० वॅट होतात. तेही काठावरच आहे, म्हणून क्लॅम्प मीटर लावून खरा प्रवाह मोजून घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर आधी तो काढा.

दुसरं म्हणजे लॅबमधले नेटवर्क स्विच (केबल एकत्र जोडणारे खोके) कुठल्या प्लगवर आहेत ते स्वतः जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी संगणक यूपीएसवर आणि रॅकमधला स्विच साध्या विजेवर असतो. मग वीज गेली की मशीन चालू राहतं आणि जोडणी तुटते. वाटेतल्या प्रत्येक मजल्यावरचे स्विच आणि सर्व्हर खोली, सगळं एकदा मेन स्विच पाडून तपासा. जनरेटरने भार घ्यायला किती सेकंद लागतात तेही तेव्हाच घड्याळ लावून मोजा.

वाय-फाय नको. सगळं केबलवर.

कक्ष_क्रमांक_७

सर्व्हरवाले सर, ती ओळ लॉगमध्ये आहे, कंसात ५ च आहे! आणि सातही पेपर ‘इन प्रोग्रेस’मध्ये सापडले. क्रॉन बंदच होता.

तारजोडणी म्हणतात तसं ३२ मशीन धरली तर पाळ्या किती कराव्यात?

तारजोडणी

३२ चालू, त्यातली २ राखीव. प्रत्येक लॅबला ३० मुलं, चार लॅब मिळून १२०. ४१२ ला ४ पाळ्या लागतील (४८० जागा), म्हणजे दोन दिवस. यूपीएस मोठे करून ४० मशीन चालवलीत आणि ४ राखीव ठेवलीत तर १४४ बसतात आणि ३ पाळ्यांत (४३२ जागा) एका दिवसात काम होतं. राखीव मशीन लॉगिनच्या पानापर्यंत उघडून ठेवलेलं असावं. माउस बिघडल्यावर मशीन चालू करत बसलात तर पाच मिनिटं तिथेच जातात.

इनस्क्रिप्ट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठीत एका शब्दाचं उत्तर यंत्राने तपासणं धोक्याचं आहे, आणि यात मुलांची काहीच चूक नसते.

‘वाऱ्याची ऊर्जा’ हे उत्तर घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, य, दोन, साधा र, हलन्त, न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण आणि य. पडद्यावर दोन्ही ‘वाऱ्या’ असेच दिसतात, पण मूडलसाठी ते वेगळे शब्द आहेत. ‘ॲल्युमिनियम’मधल्या ‘ॲ’चे तर तीन प्रकार फिरत असतात: एकच अक्षर, अ वर अर्धचंद्र, आणि मध्ये तो न दिसणारा वर्ण घातलेला. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची पद्धत) यांना एक करत नाही. शिक्षकाने इनस्क्रिप्ट कळफलकाने (ऱ साठी शिफ्ट आणि जे) उत्तर भरलं आणि मुलाने दुसऱ्या साधनाने टंकलं तर शून्य.

उपाय असे. ऱ्य, ऱ्ह किंवा ॲ येणारा शब्द उत्तर म्हणून ठेवूच नका. ठेवायचाच असेल तर सगळे प्रकार बरोबर उत्तरं म्हणून भरा. ऱ्हस्व-दीर्घाचं काय करायचं तेही आधी ठरवा. सगळ्यात बरं म्हणजे ते ५ प्रश्न यादीतून निवडायचे करा.

संख्यात्मक प्रश्न असतील तर आणखी एक. मराठी कळफलक चालू असताना अंक देवनागरी उमटू शकतात आणि मूडलचा न्यूमरिकल प्रकार देवनागरी अंक ओळखत नाही. प्रश्नातच लिहा: ‘उत्तर इंग्रजी अंकांत लिहा’.

वर्णनात्मक २ प्रश्नांसाठी सेफ एक्झाम ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कळफलक बदलायचं चिन्ह खालच्या पट्टीवर दिसेल असं ठेवा. नाहीतर मराठी-इंग्रजी बदलता येत नाही आणि पर्यवेक्षकाची धावपळ होते. ब्राउझरच्या एक्स्टेंशनवर चालणारी टंकनसाधनं तिथे चालत नाहीत. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक आहे. तो आणि इनस्क्रिप्ट दोन्ही बसवा आणि लॉकडाउन चालू असताना एका मशीनवर स्वतः दहा ओळी टंकून बघा. तरी माझं मत विचाराल तर ते दोन प्रश्न कागदावर घ्या. पर्यावरण अभ्यासाच्या पेपरात मुलाचा टंकनाचा वेग मोजला जाऊ नये.

सर्व्हरवाला

+१. त्या ब्राउझरबद्दल थोडंसं. चारही लॅबमध्ये त्याची आवृत्ती एकच ठेवा. नसेल जमत तर ब्राउझर एक्झाम कीऐवजी कॉन्फिग की वापरा (मुलगा ठरलेल्याच ब्राउझरमधून आला का ते मूडल या खुणांवरून तपासतं). पहिली आवृत्तीनुसार बदलते, दुसरी बदलत नाही. बाहेर पडायचा पासवर्ड फक्त लॅबच्या तंत्रसाहाय्यकाकडे असावा. क्विझमध्ये फक्त लॅबचे आयपी पत्ते चालतील असंही ठेवा.

उत्तरसूची

प्रश्नपेढीकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते.

यादृच्छिक प्रश्न निवडणार असाल तर प्रत्येक घटकाची आणि काठिण्याची वेगळी कॅटेगरी करा. घटकातून ५ प्रश्न घ्यायचे असतील तर पेढीत निदान १५ हवेत. ६ असतील तर सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न येतील आणि दुसऱ्या पाळीला ते आधीच ठाऊक असतील.

पर्यायांची अदलाबदल चालू असेल तर ‘वरीलपैकी एकही नाही’ आणि ‘अ व क दोन्ही’ हे पर्याय काढून टाका. अदलाबदलीत ‘वरीलपैकी’ सगळ्यात वर जाऊन बसतं.

रिव्ह्यू ऑप्शन्समधल्या सगळ्या खुणा काढा. त्या राहिल्या तर पहिल्या पाळीच्या मुलांना ‘सबमिट’नंतर बरोबर उत्तरं दिसतात. आणि निकालाआधी उत्तरसूचीत चूक निघाली तर प्रश्न दुरुस्त करून आधी रीग्रेडचा (गुण पुन्हा मोजायचा) ड्राय रन (गुण न बदलता चाचणी) घ्या, कोणाचे गुण बदलतात ते छापून सही घ्या, मगच खरं रीग्रेड करा.

नियंत्रक_कार्यालय

बंद पडल्यावरचा नियम. तो परीक्षेच्या आधी परीक्षा नियंत्रकांच्या सहीने कागदावर आणा आणि प्रत्येक लॅबच्या पर्यवेक्षकाच्या हातात द्या. ऐन वेळी चार लॅबमध्ये चार निर्णय झाले की तक्रार येते, आणि ती रास्तच असते. मी सुचवेन तो मसुदा:

एकाच मशीनचा बिघाड असेल तर विद्यार्थी राखीव मशीनवर जाईल, गेलेली मिनिटं नोंदवहीत लिहून तितकीच वाढवून मिळतील. पूर्ण लॅब २० मिनिटांपर्यंत बंद राहिली तर तितकीच मिनिटं पूर्ण लॅबला. २० मिनिटांहून जास्त असेल तर त्या लॅबची परीक्षा राखीव पाळीत, नव्या प्रश्नसंचावर. ती राखीव पाळी वेळापत्रकात आधीच छापलेली असू द्या.

मूडलमध्ये हे करायला प्रत्येक लॅबचा एक गट आधीच तयार ठेवा. लॅब ३ ला १२ मिनिटं द्यायची झाली तर त्या गटाला ग्रुप ओव्हरराइडने (ठरलेली वेळ एका गटापुरती बदलायची सोय) १३२ मिनिटं द्या आणि बंदची वेळही वाढवा. मुलांना एकदा पान बदलायला सांगा म्हणजे घड्याळ नवी वेळ घेतं. वीज गेल्यावर मूडलचं घड्याळ थांबत नाही, म्हणून हे हाताने करावंच लागतं.

दिव्यांग विद्यार्थ्यांना केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे २ तासांना ४०. हे युझर ओव्हरराइडने (एका विद्यार्थ्यापुरती वेळ बदलायची सोय) द्या: १६० मिनिटं, आणि त्यांची बंदची वेळही ११:३० च्या पुढे न्या. आणि इथे जपा. युझर ओव्हरराइडमध्ये जी वेळ भरली आहे तिला ग्रुप ओव्हरराइड लागू होत नाही. लॅब ३ ला १२ मिनिटं वाढवलीत तर त्या लॅबमधल्या अशा विद्यार्थ्याचे १६० चे १७२ वेगळे करावे लागतील, नाहीतर ज्याला वेळ सगळ्यात जास्त हवा त्याचीच मिनिटं जातील. या विद्यार्थ्यांची पीआरएनसह (कायम नोंदणी क्रमांकासह) यादी कंट्रोल रूमच्या टेबलावर छापून ठेवा.

दोन पाळ्यांत ९० मिनिटं ठेवा. ९ ची पाळी जादा वेळेसह ११:४० ला (लॅब ४ मध्ये ११:४६ ला) संपते, पुढच्या पाळीची हजेरी १२:०० ला, पेपर १२:३० ला. मधल्या वेळात मशीन रीस्टार्ट करून कच्चे कागद उचलायचे.

कक्ष_क्रमांक_७

मनापासून आभार. ठरवलं ते असं: यूपीएसचा भार सोमवारी क्लॅम्प मीटरने मोजणार, त्यावर ३ पाळ्या की ४ ते ठरेल. एका शब्दाचे ५ प्रश्न यादीतून निवडायचे, वर्णनात्मक २ कागदावर. दुसरी सराव परीक्षा चारही लॅबमध्ये, मध्येच मेन स्विच पाडून.

एकच शंका: कागदावरचे गुण मूडलमध्ये कसे जोडायचे?

उत्तरसूची

ग्रेडबुकमध्ये (मूडलमधली गुणांची वही) ‘वर्णनात्मक’ नावाचा हाताने भरायचा ग्रेड आयटम करा, १० गुणांचा. पीआरएन आणि गुण अशा दोन रकान्यांची सीएसव्ही आयात करा. पीआरएन मूडलच्या आयडी नंबर या रकान्यात भरलेला असेल तर जुळवणी त्यावरूनच होते. एक्सेलमध्ये तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर १६ अंकी पीआरएनचा शेवटचा अंक शून्य होतो.