जीपीए ३.२, तरी नऊच्या नऊ यूसीला अर्ज?

सनीवेलकर:
धाकटी यंदा बारावीत. शाळेचा अनवेटेड जीपीए (जादा पॉइंट न धरता ४ पैकी सरासरी) ३.२, एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) दोनच. घरात रोज रात्री कॉलेजच्या यादीवरून जुंपते. नवरा म्हणतो, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, नऊच्या नऊ कॅम्पसना टाकू, लागला तर लागला. मला हे पटत नाही. एका कॅम्पसचे ८० डॉलर, नऊचे ७२०. पैशांचं एकवेळ सोडा, पण बर्कले-एलएच्या नादात मर्सेड, रिव्हरसाइड, किंवा यूसी नसलेलं कॅल स्टेट ईस्ट बे ही नावं आपोआप उरलीसुरली ठरतात. मग मार्चमध्ये तिथूनच होकार आला की घरात सुतक. माझ्या मते यादी खालून वर बांधावी. जिथे नक्की मिळेल आणि जिथे ती खरंच जाईल अशी दोन-तीन आधी. स्वप्नातलं एक पुरे.

कट्ट्यावरचा_काका:
साफ चूक. आधी जीपीए यूसीच्या पद्धतीने मोजा. ते नववीचे ग्रेड जीपीएत धरत नाहीत, फक्त दहावी-अकरावीचे. प्लस-मायनसही नाही, म्हणजे ए मायनसला सरळ ए. वर एपीचा जादा पॉइंट. आमच्या चिरंजीवांनी नववीत जिऑमेट्रीत सी आणला होता. शाळेचा आकडा ३.३, यूसीचा निघाला ३.६. एसएटी परीक्षेचे मार्क तर ते बघतही नाहीत. त्यांनी नाही म्हणायच्या आत तुम्हीच का नाही म्हणताय?

सनीवेलकर:
मोजलाय काका. ३.४ येतो. बर्कलेच्या रांगेत ४ च्या वरचे ढिगाने उभे आहेत.

डिआन्झाची_आई:
कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजचं, नाव काढलं की आपल्या मंडळींचे चेहरे पडतात, तरी काढते. सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर फी. दोन वर्षं नीट अभ्यास केला की टॅग ही ट्रान्सफरची सोय आहे: डेव्हिस, अर्वाइन, सांता बार्बरा धरून सहा यूसी ठरलेल्या जीपीएवर प्रवेशाची लेखी हमी देतात. हायस्कूलचा ३.२ तिथे कुणी विचारत नाही. माझा मोठा असाच डेव्हिसला गेला. गणपतीच्या आरतीला 'सध्या कुठे असतो?' विचारणाऱ्यांना दोन वर्षं तोंड दिलं, एवढाच काय तो त्रास.

फ्रिमाँटचा_पुणेकर:
अर्धंच सांगताय. बर्कले, एलए, सॅन डिएगो टॅगमध्ये नाहीत. हमी एकाच कॅम्पसची मागता येते, तीही सप्टेंबरातच. कम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगसारख्या मेजरना (पदवीच्या विषयांना) बऱ्याच ठिकाणी ती मिळतच नाही. आणि अठराव्या वर्षी आईने भरलेला डबा घेऊन कॉलेजात? पोरांना बाहेर पडू द्या की. अ‍ॅरिझोना स्टेट बघा, शाळेच्या मुख्य विषयांत जीपीए ३.० असला की भागतं.

डिआन्झाची_आई:
आउट ऑफ स्टेटची फी पुणेकर भरणार का? आणि डबा तो स्वतः भरायचा.

फ्रिमाँटचा_पुणेकर:
पश्चिमेकडच्या राज्यांचा आपसात डब्ल्यूयूई करार आहे. त्यात नेवाडा-रीनोसारख्या ठिकाणी ट्यूशन स्थानिकांच्या दीडपटीवर जात नाही. सगळ्यांना मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातं?

गप्पगार:
एवढं वाचलं, पण मेजर काय हे कुणी विचारलंच नाही. सॅन होजे स्टेटही बारावीतून थेट जाणाऱ्यांना आता सोपं राहिलेलं नाही. कम्प्युटर सायन्सला ३.४ वर अवघड, दुसऱ्या काही विषयांना सहज जमेल. मेजर न ठरवता यादी कशी करताय?

सनीवेलकर:
सायकॉलॉजी. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

कट्ट्यावरचा_काका:
मग भांडण यादीचं नाहीच तुमचं!

सनीवेलकर:
तेही खरंच. आत्ता लेकीला विचारून आले. तिला सांता क्रूझ हवंय, समुद्र आहे म्हणून. ते टॅगमध्ये आहे का?

डिआन्झाची_आई:
आहे. पण सायकॉलॉजीसाठी आधी कुठले कोर्स लागतात ते काउन्सेलरला विचारून ठेवा. आणि बारावीतून थेट अर्जही टाकाच, नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ आहे.