मदत हवी आहे: बेस क्लॅरिनेटसाठी माउथपीस कोणता घ्यावा?

फुंकर:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बी-फ्लॅट क्लॅरिनेट वाजवते आहे. आमच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते वाद्य आता माझ्या गळ्यात आलं आहे. शिकाऊ दर्जाचं, खालच्या ई-फ्लॅटपर्यंत जाणारं, सूर वरच्या टप्प्यात नेणाऱ्या रजिस्टर कीला एकच छिद्र. सोबतचा माउथपीस (तोंडात धरायचा भाग) प्लॅस्टिकचा. त्यावर ना मॉडेलचं नाव, ना टिप ओपनिंगचा (टोकाशी किती फट आहे त्याचा) आकडा.

खालचे सूर मस्त घुमतात. तक्रार वरची आहे. ब्रेक (खालच्या आणि वरच्या टप्प्यांमधला सांधा) ओलांडून बी, सी, डी घेतले की सुराच्या आधी एक घुरघुर येते. हळू वाजवायचं म्हटलं तर सूर उशिरा लागतो, कधी लागतच नाही. थ्रोट बी-फ्लॅट (ब्रेकच्या लगेच खालचा सूर) म्हणजे नुसती हवा. रीड (माउथपीसवरची कंपणारी पातळ पट्टी; नंबर जास्त तितकी कडक) २ आणि अडीच, दोन्ही लावून झाल्या.

वाचून वाचून मामला दोन नावांवर आला आहे: सेल्मरचा सी-स्टार आणि व्हँडोरनचा बी५०. ज्याला विचारावं तो आपलाच माउथपीस कसा एकमेव आहे ते सांगतो. बी-फ्लॅटवर मी व्हँडोरनचा बी४५ वापरते, ३ ची रीड. त्यावरून काही अंदाज बांधता येईल का? काम वृंदातलंच आहे, जॅझ नाही. आणि मुख्य म्हणजे, माउथपीस बदलून ही घुरघुर जाईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

खर्ज:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत खरेदी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थ्रोट बी-फ्लॅटसाठी कुठलाही माउथपीस घेऊ नका. तुमच्या वाद्यात एकाच छिद्राला रजिस्टर बदलण्याचं आणि बी-फ्लॅट वाजवण्याचं, अशी दोन कामं करावी लागतात, आणि दोन्ही अर्धवट होतात. वरच्या दर्जाच्या वाद्यांना दोन छिद्रं असतात आणि सुराप्रमाणे योग्य ते आपोआप उघडतं. तेव्हा तो सूर थोडा फुसका राहणारच.

घुरघुरीचं मात्र तसं नाही. पहिला संशय हवेच्या गळतीवर. बेसचे पॅड मोठे, की लांब, दोन भागांना जोडणारी ब्रिज की नाजूक; जरा काही वाकलं की हवा सुटलीच. खालचा एफ अगदी हलक्या बोटांनी धरून पाहा. बोटं दाबल्यावरच सूर नीट लागत असेल तर गळती आहे. खालचे सूर घुमतात म्हणता, पण नकळत दाबून वाजवत असाल तर ते कळत नाही. अंधारात बोरमध्ये (वाद्याच्या पोकळीत) बारीक एलईडीची पट्टी सोडली तर उजेड कुठून झिरपतो ते दिसतं.

दुसरा संशय ओठांवर. पातळ कागदाचा कपटा रीड आणि माउथपीसच्या फटीत वरून सरकवा. तो जिथे अडतो तिथून रीड माउथपीसपासून सुटते. खालचा ओठ साधारण त्या रेषेवर हवा. बी-फ्लॅटवरून आलेले लोक बेसचा माउथपीस फारच कमी तोंडात घेतात, वर जबडाही आवळतात. मग वरचे सूर गुदमरतात.

तिसरं, वाद्य जमिनीवर टेकवायच्या खालच्या खुंटीची उंची. वाद्य खाली राहिलं की मान झुकते आणि माउथपीस भलत्याच कोनातून तोंडात येतो. बेसचा माउथपीस बी-फ्लॅटपेक्षा आडवा येतो, तसाच येऊ द्या.

वेळूवन:
खर्ज यांच्याशी बव्हंशी सहमत, पण नंबर नसलेल्या प्लॅस्टिकच्या माउथपीसची एवढी पाठराखण कशाला? त्याचं टेबल (रीड टेकते ती बाजू) सपाट नसेल तर ओठ कुठेही ठेवा, उपयोग शून्य. साधी चाचणी आहे: ओली रीड बांधा, मागचं तोंड तळहाताने बंद करा, हवा ओढून घ्या आणि तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून राहून 'टप्' करून सुटली तर ठीक. लगेच सुटली तर रीड किंवा माउथपीस, दोघांपैकी एक वाकडं आहे. रीड बदलूनही तेच झालं तर दोषी कोण ते कळलंच.

बाकी मी बी५० वाला. आवाज मोकळा येतो, वृंदात दबत नाही.

फुंकर:
दोघांचेही आभार! कागद माझ्या ओठाच्या रेषेपेक्षा बराच आत गेला. ओठ तिथवर नेल्यावर बी आणि सी जवळजवळ स्वच्छ. डी अजून कधीकधी घुरघुरतो. खालचा एफ हलक्या बोटांनी अडखळतो, म्हणजे गळती आहेच. वाद्य दुरुस्तीला देते आहे. 'टप्' मात्र कुठल्याच रीडवर येत नाही. तेव्हा माउथपीस बदलायचाच. आता सांगा, सी-स्टार की बी५०?

खर्ज:
मग घ्याच. वेळूवन, इथे तुमचं बरोबर निघालं.

दोघांतला मूळ फरक टिपच्या उघडपणाचा. बी-फ्लॅटचा बी४५ साधारण १.२ मिलिमीटर उघडा असतो. बेसचे माउथपीस त्याहून कितीतरी उघडे, म्हणून बी४५ वरून इथला अंदाज बांधू नका. सी-स्टार तुलनेने बंद, बी५० बराच उघडा. उघड्या टिपला मऊ रीड लागते आणि हवा भरपूर. बंद टिपला थोडी कडक रीड चालते आणि हळू सुरांवर ताबा लवकर येतो. वृंदात बेसला पुष्कळदा अगदी हळू, लांब सूर धरायचे असतात. तुमची तक्रारही हळू सुरांचीच आहे. मी असतो तर सी-स्टारपासून सुरुवात केली असती, अडीचच्या रीडवर. बी५० वर तीच रीड जड गेली तर अर्धा नंबर खाली या. रीडचे नंबर कंपनीगणिक बदलतात, हेही ध्यानात असू द्या.

जमलं तर दोन्ही परत करण्याच्या बोलीवर मागवा, आणि एकाच नावाचे दोन नग मिळाले तर दोन्ही वाजवा. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. एबोनाइटचाच (कडक रबराचा) घ्या असा आग्रह नाही. टेबल, कडा आणि फेसिंग (टोकाकडे रीडपासून दूर जाणारा वक्र उतार) नीट घडवलेलं असणं जास्त महत्त्वाचं. वाजवताना ट्यूनर लावून खालचा जी आणि रजिस्टर की दाबून त्याच बोटांवरचा डी तपासा. त्यांतलं अंतर बिघडत असेल तर आवाज कितीही गोड असो, सोडून द्या. या वाद्याला ओढून जुळवायला बॅरल (बी-फ्लॅटवर माउथपीसखाली असतो तो तुकडा) नसतं, माउथपीस किंवा नेक (वरची वाकडी नळी) थोडी बाहेर काढणं एवढंच हाती.

कॉर्क नेकमध्ये सैल किंवा घट्ट बसला म्हणून माउथपीस नाकारू नका. नेकचं तोंड कंपनीप्रमाणे उणंअधिक असतं. घट्ट असेल तर बारीक पॉलिश पेपर, सैल असेल तर तात्पुरता दोरा.

वेळूवन:
ठीक आहे, सी-स्टार तर सी-स्टार. एक भर: बेसच्या रीड मिळाल्या नाहीत तर टेनर सॅक्सोफोनची लावून पाहा. बहुतेक माउथपीसवर बसते, बरेच वादक मुद्दाम तीच वापरतात. माउथपीसच्या खिडकीच्या (रीडखालच्या उघड्या भागाच्या) दोन्ही कडा पूर्ण झाकल्या जातात ना, तेवढं बघा.

फुंकर:
टेनरच्या रीड आमच्या सॅक्सवाल्याकडे ढिगाने आहेत, मागून घेते. दोन्ही माउथपीस मागवते आहे. वाद्य दुरुस्त होऊन आलं की जी-डीची चाचणी करून इथेच कळवते.